साथीच्या वेशीवर अडलेला संसार

बालाघाटहून सिवनीकडे जाणाऱ्या रस्त्यावर लालबर्रा हे तहसिलीचे गाव लागते. आज हा मुलूख मध्य प्रदेशात मोडतो. परंतु इंग्रजी अमदानीत बालाघाट जिल्ह्याचा कारभार नागपूर विभागातून चालत असे आणि भंडारा, नागपूर, चांदा, वर्धा हे त्याच विभागातील जिल्हे होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली; विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. पुढे १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, १९९९ साली भंडारा जिल्ह्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. कागदावर अशा रेघा पडत गेल्या, पण सोयरिकी काही त्या रेघांना विचारून होत नाहीत. पोवार, कुणबी, मरार अशा अनेक समाजांची घरे रेघेच्या दोन्ही बाजूंस आहेत. लालबर्ऱ्याकडची लेक गोंदियाकडे दिलेली असते आणि गोंदिया-भंडाऱ्याची लेक वैनगंगेच्या वरच्या अंगाला नांदत असते. हा रोटी-बेटीचा व्यवहार इतका जुना आहे की, मधली सीमा तेथील माणसांना एरवी जाणवतही नाही.

ती जाणवली २०२० सालच्या मार्च महिन्यात. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि राज्याराज्यांच्या सीमांवर पहारे बसले. सासरी असलेली लेक माहेरच्या आजारी बापाला भेटावयास निघाली तर तिला परवाना लागू लागला. आणि ती कोणाची कोण, हे तिने कागदाने सिद्ध करावे अशी अपेक्षा होऊ लागली. पुढे केंद्राच्या गृहखात्याने २२ ऑगस्ट २०२० रोजी राज्यांना स्पष्ट कळविले की, राज्यांतर्गत वा राज्याराज्यांतील प्रवासावर बंधने घालू नयेत. महाराष्ट्राने २ सप्टेंबरपासून ई-पासची पद्धत मोडीत काढली. तरीही गोष्ट तेथे संपली नाही. रुग्णांची संख्या पुन्हा वाढू लागताच मध्य प्रदेशाने २० मार्च २०२१ पासून महाराष्ट्राशी असलेली बसवाहतूक थांबविली. ज्याच्याजवळ स्वतःची गाडी होती त्याला काही वाट निघाली. ज्याची भिस्त एस. टी. वर वा खाजगी बसवर होती, त्याची वाट खुंटली.

साथ आली म्हणजे वेस बंद होते, यात नवल नाही आणि अन्यायही नाही. जेथे रोग अजून पोहोचला नाही तेथे त्याला येऊ न देणे हे राज्यकर्त्यांचे कर्तव्यच आहे. प्रश्न आहे तो वेगळा. वेस बंद करताना आतला कोण आणि बाहेरचा कोण हे ठरवावे लागते. ते ठरविताना कायदा माणसाचा जन्मदाखला पाहतो, पारपत्र पाहतो, विम्याचा कागद पाहतो. त्याचा संसार कोठे आहे हे मात्र तो फार उशिरा पाहतो. आजच्या भाषणात या उशिराचा थोडासा इतिहास आपणांपुढे मांडावयाचा आहे. तो मांडताना लालबर्ऱ्याच्या वेशीवरून आपणांस समुद्रापार जावे लागेल. कारण जी अडचण येथे एका राज्याच्या सीमेवर आली, तीच परदेशी गेलेल्या, परदेशी माणसाशी लग्न केलेल्या शेकडो मराठी कुटुंबांना देशांच्या सीमांवर आली.

विलगीकरणाची चाल युरोपातील व्यापारी बंदरांतून निघाली. एड्रियाटिक समुद्रावरील रागुसा या नगरराज्याने, म्हणजे आजच्या दुब्रोव्हनिकने, १३७७ साली प्लेगच्या मुलखातून येणाऱ्यांनी तीस दिवस बाहेर राहावे असा नियम केला. पुढे तीसांचे चाळीस झाले, आणि चाळीस या अर्थाच्या इटालियन शब्दावरून 'क्वारंटाइन' हा शब्द रूढ झाला. त्या काळी वेशीवर थांबणारा मुख्यतः व्यापारी वा खलाशी असे. त्याचे कुटुंब मागे गावी असे. तो चाळीस दिवस थांबला तर माल नासे, नफा बुडे. पण संसार मोडत नसे. क्वारंटाइनचे शास्त्र असे आगबोट, माल आणि प्रवासी यांचा हिशेब करीत वाढले. कुटुंब हा घटक त्याच्या हिशेबात मुळात नव्हताच.

तो घटक पुढे आला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि या कथेचा आरंभ आपल्या मुंबईतच झाला. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचा रोगी ओळखला. बघता बघता मुंबई हे साऱ्या जगाच्या दृष्टीने दूषित बंदर ठरले. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरच्या सुमारास मुंबईहून दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीकडे 'कोर्लंड' आणि 'नादरी' या दोन आगबोटी निघाल्या. दोहोंवर मिळून सुमारे आठशे उतारू होते. त्यांत मोहनदास गांधी नावाचे एक तरुण बॅरिस्टर आपली पत्नी कस्तुरबा, दोन मुले आणि भाचा यांना प्रथमच परदेशी घेऊन चालले होते. म्हणजे परमुलखात राहणारा एक गृहस्थ आपला संसार आपल्याजवळ आणीत होता, इतकी ही साधी गोष्ट होती.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आगबोटी डर्बानला पोहोचल्या. प्लेगचे जंतू फार तर तेवीस दिवस टिकतात अशी समजूत तेव्हा होती. म्हणून मुंबई सोडल्यापासून तेवीस दिवस पुरे होईपर्यंत आगबोटी बंदराबाहेर ठेवण्याचा हुकूम झाला. बोटींवर कोणीही प्लेगने आजारी नव्हते. तेवीस दिवस भरले, तरी मुदत पुन्हा वाढली. कारण आता रोगाचा प्रश्न मागे पडला होता. डर्बानमधील गोऱ्या वसाहतवाल्यांच्या सभा भरत होत्या. भारतीयांना उतरू देऊ नये अशी त्यांची मागणी होती. दोन्ही आगबोटी परत पाठविल्यास नुकसान भरून देऊ, असा निरोपही त्यांनी व्यापारी पेढीकडे धाडला. उतारूंना जमिनीवर पाय ठेवावयास मिळाला तो १३ जानेवारी १८९७ रोजी. कस्तुरबा व मुले गाडीतून पारशी रुस्तमजींच्या घरी सुखरूप पोहोचली. गांधीजी मागून पायी निघाले आणि जमावाच्या हाती सापडले. पोलीस अधीक्षक अलेक्झांडर यांच्या पत्नी मध्ये पडल्या म्हणून त्यांचा जीव वाचला.

श्रोतेहो, या प्रसंगाचे पुढचे पाऊल अधिक ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षी नाताळच्या विधिमंडळाने दोन कायदे केले. एक क्वारंटाइनचा, ज्यायोगे दूषित बंदरातून आलेल्या आगबोटीला उतारू उतरविण्यास मनाई करता येई. आणि दुसरा प्रवेशनिर्बंधाचा, ज्यात नवागताला युरोपीय भाषेत अर्ज लिहिता आला पाहिजे अशी अट होती. कायद्यात भारतीय असा शब्द नव्हता, पण रोख कोणावर आहे हे सर्वांना कळत होते. साथीच्या निमित्ताने बसविलेले दार साथ ओसरल्यावर उघडलेच असे नाही. कित्येकदा त्याला दुसऱ्या कारणाचे कुलूप लावले जाते, हा धडा त्या वर्षाने दिला.

इकडे हिंदुस्थानात ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा अमलात आला. त्या वर्षी मुंबईहून हजला जाणाऱ्या यात्रेकरूंना मनाई झाली, कारण व्हेनिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत युरोपीय राष्ट्रांनी हिंदुस्थानशी असलेली वाहतूकच तोडण्याची भीती उभी केली होती. कल्याणसारख्या स्थानकांवर आगगाडी थांबवून उतारूंची तपासणी होई आणि संशयितांना छावणीत नेले जाई. नवरा एका छावणीत आणि बायको दुसरीकडे, अशी ताटातूट लोकांना रोगाहूनही असह्य वाटली. पुण्यात याच असंतोषाचा स्फोट होऊन २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली, हे आपण जाणतोच. हाफकिन यांची लस निघाल्यावर काही ठिकाणी टोचल्याचा दाखला दाखविणाऱ्यास विलगीकरणातून सूट मिळू लागली. दाखला हाच प्रवासाचा परवाना, ही कल्पना तेव्हापासून आपल्या परिचयाची आहे.

प्रवेशाच्या कायद्यात लग्नाच्या नात्याला किती वजन द्यावयाचे, हा प्रश्न मात्र अजून नीट सुटला नव्हता. तो पुन्हा दक्षिण आफ्रिकेतच पेटला. १४ मार्च १९१३ रोजी केप येथील न्यायमूर्ती सर्ल यांनी असा निर्णय दिला की, ख्रिस्ती पद्धतीने न झालेले आणि तेथे न नोंदलेले विवाह प्रवेशाच्या कामी ग्राह्य धरता येत नाहीत. एका घटकेत हजारो भारतीय गृहिणी कायद्याच्या दृष्टीने पत्नीच राहिल्या नाहीत. आदल्याच वर्षी आपले गोपाळ कृष्ण गोखले त्या देशाचा दौरा करून आले होते आणि सरकारशी बोलणी करून परतले होते. ही बोलणी व्यर्थ ठरली असे दिसताच सत्याग्रह पेटला. कस्तुरबांनी त्यात उडी घेतली आणि सप्टेंबर १९१३ मध्ये त्या तीन महिन्यांच्या सक्तमजुरीवर गेल्या. १९१४ सालच्या भारतीय सवलत कायद्याने भारतीय पद्धतीच्या विवाहाला, एका पत्नीपुरती, मान्यता दिली. सोळा वर्षांपूर्वी ज्या बाईला प्लेगच्या नावाखाली बंदराबाहेर ताटकळावे लागले होते, तिनेच पुढे पत्नीपणाच्या हक्कासाठी तुरुंग पत्करला.

यानंतर शंभर वर्षे लोटली. १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्यविषयक आंतरराष्ट्रीय नियम ठरविले. त्यांची २००५ साली नवी नियमावली झाली व ती २००७ पासून अमलात आली. या नियमावलीतील चाळिसावे कलम फार थोड्यांना ठाऊक आहे. कायम वा तात्पुरत्या वास्तव्यासाठी येणारे सोडून इतर प्रवाशांकडून सक्तीच्या विलगीकरणाचा आकार घेऊ नये, असे ते सांगते. मात्र विमा असल्यास विम्याकडून खर्च वसूल करण्यास सरकारांना मोकळीक आहे, असेही तेच कलम म्हणते. नियमाच्या एका कोपऱ्यात ठेवलेली ही खिडकी २०२० साली दरवाजाएवढी झाली.

२०२० सालच्या महामारीत काय घडले ते पाहू. ११ मार्च रोजी भारत सरकारने बहुतेक सर्व व्हिसा स्थगित केले आणि परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे, म्हणजे ओसीआयचे, कार्ड असणाऱ्यांची व्हिसाशिवाय येण्याची सवलतही थांबविली. २२ मार्चपासून परदेशी विमाने बंद झाली. ७ मे पासून 'वंदे भारत' विमाने अडकलेल्या भारतीयांना आणू लागली, तेव्हा एक विलक्षण पेच उभा राहिला. आई-बाप भारतीय नागरिक, त्यांना विमानात जागा. परंतु अमेरिकेत जन्मलेले त्यांचे तान्हे मूल अमेरिकन नागरिक, त्याला प्रवेश नाही! २२ मे रोजी गृहखात्याने काही ओसीआय कार्डधारकांना सूट दिली. त्यांत भारतीय आई-बापांची परदेशी जन्मलेली अज्ञान मुले होती. घरात मृत्यूसारखा प्रसंग ओढवलेले लोक होते. ज्यांचे आई-बाप भारतात राहतात असे विद्यार्थी होते. आणि ज्या जोडप्यात एक भारतीय व दुसरा ओसीआय कार्डधारक असून ज्यांचे कायमचे घर भारतात आहे, अशी जोडपी होती. पण परदेशी जोडीदाराला ओसीआय कार्ड मिळण्यासाठी लग्न नोंदविलेले असावे लागते आणि त्याला दोन वर्षे पुरी व्हावी लागतात. नवे लग्न झालेली जोडपी अर्थातच त्या यादीबाहेर राहिली. सर्व ओसीआय कार्डधारकांना आणि पर्यटक वगळता बहुतेक सर्व परदेशीयांना दार उघडले ते ऑक्टोबर २०२० च्या तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे सात महिन्यांनी.

दुसऱ्या बाजूला अमेरिकेची दारेही अशीच मिटली. २२ जून २०२० च्या घोषणेने एच-१बी आणि त्यांच्या जोडीदारांचे एच-४ असे नवे व्हिसा घेऊन येणाऱ्यांना वर्षअखेरपर्यंत बंदी झाली, ती पुढे मार्च २०२१ पर्यंत लांबली. ४ मे २०२१ पासून तर भारतातून येणाऱ्यांवरच बंदी आली. अमेरिकन नागरिकांचे व कायम रहिवाशांचे पती वा पत्नी यांना त्यातून सूट होती. एच-१बी वर नोकरी करणाऱ्याच्या पत्नीला केवळ त्या नात्याने ती नव्हती. दुसऱ्या लाटेत आई-बापांच्या अखेरच्या भेटीसाठी धावून आलेले कित्येकजण महिनोन्महिने इकडेच अडकून पडले. ती बंदी उठली नोव्हेंबर २०२१ मध्ये. ऑस्ट्रेलियाने तर मे २०२१ च्या पहिल्या पंधरवड्यात भारतातून परतणाऱ्या आपल्याच नागरिकांना कैदेची आणि दंडाची धास्ती घातली होती. अशा वेळी युरोपात निरनिराळ्या देशांतील जोडीदारांनी, प्रेम म्हणजे पर्यटन नव्हे, अशा अर्थाची चळवळ उभारली. आणि डेन्मार्कसारख्या देशांनी अविवाहित जोडीदारांनाही पुराव्यानिशी प्रवेश देऊन तिला मान तुकवली.

आता विम्याचा विचार करू. थायलंडने मार्च २०२० च्या अखेरीस परदेशीयांना दार बंद केले आणि १ जुलैपासून काही निवडक गटांना उघडले. थाई नागरिकांचे परदेशी पती वा पत्नी त्यांत होते. कुटुंबाला अग्रक्रम देणारा हा नियम चांगलाच म्हटला पाहिजे. पण त्याला एक अट जोडलेली होती: कोविडच्या उपचारांसाठी किमान एक लाख डॉलरचा, म्हणजे त्या वेळच्या भावाने सत्तर लाख रुपयांहून अधिक रकमेचा, विमा हवा. शिवाय थाई नागरिकाला सरकारी खर्चाने विलगीकरणात राहता येई. परदेशी जोडीदाराने मात्र ठराविक हॉटेलात स्वखर्चाने राहावयाचे. म्हणजे एकाच घरातील दोन माणसे एकाच विमानाने आली तरी एकाची जबाबदारी सरकारवर आणि दुसऱ्याची त्याच्या पाकिटावर. वय वाढले की विम्याचा हप्ता वाढतो. उतारवयातील जोडीदाराला पॉलिसी मिळणेही कठीण होते. पुढे तर लक्षणे नसताना केवळ नियमापोटी रुग्णालयात ठेवलेल्यांचा खर्च देण्यास काही विमा कंपन्या खळखळ करू लागल्या. एक लाख डॉलरचा हा आकडा नोव्हेंबर २०२१ मध्ये पन्नास हजारांवर, मग वीस हजारांवर, मग दहा हजारांवर आला आणि १ जुलै २०२२ पासून अटच गेली. रोग तोच, नाते तेच. किंमत तेवढी दोन वर्षांत एक लाखावरून शून्यावर आली.

येथे सरकारची बाजूही समजून घेतली पाहिजे. परक्या नागरिकाच्या उपचाराचा बोजा स्वतःच्या करदात्यांवर का टाकावा, हा प्रश्न गैरवाजवी नाही. विमा ही तर मुळात परस्परांचा भार वाटून घेण्याची उत्तम युक्ती आहे, आणि ती स्वस्तातही राबविता येते, हे आपल्याच देशात दिसले आहे. आखाती देशांत मजुरीस जाणाऱ्या आपल्या माणसांसाठी २००३ पासून प्रवासी भारतीय विमा योजना आहे. २०१७ च्या सुधारणेनंतर दोन वर्षांस २७५ रुपये वा तीन वर्षांस ३७५ रुपये भरून दहा लाखांचे अपघाती संरक्षण मिळते. आणि कमावता माणूस गेला वा कायमचा पंगू झाला तर मागे राहिलेल्या पत्नीच्या व मुलांच्या रुग्णालयाच्या खर्चाचीही त्यात काही तरतूद आहे. जुलै २०२० मध्ये देशात सुरू झालेल्या 'कोरोना कवच' पॉलिसीत पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत रक्कम निवडता येई आणि सारे कुटुंब एका पॉलिसीखाली घेता येई. विमा कुटुंबाला ओळखू शकतो, तो गरिबाच्या आवाक्यात बसू शकतो, हे यावरून उघड आहे. तो दारावरचा टोल झाला म्हणजेच बिघडतो. कारण टोल भरणाऱ्याची ऐपत पाहतो, त्याची गरज पाहत नाही.

मग या साऱ्या इतिहासातून घ्यावयाचे काय? वेस कधीच बंद करू नये, असा निष्कर्ष कोणी काढू नये. पण वेस बंद करण्याचा हुकूम लिहिताना त्याच हुकुमात तीन गोष्टी लिहिणे अशक्य नाही. पहिली ही की, पती-पत्नी, आई-बाप आणि अज्ञान मुले यांना पारपत्राचा रंग न पाहता, तपासणी व विलगीकरण सोसून, आत येता येईल. दुसरी ही की, विम्याची सक्ती करावयाची तर आटोपशीर हप्त्याची सरकारमान्य पॉलिसी त्याच दारावर उपलब्ध असेल, आणि ती वयाकडे पाहून नाकारली जाणार नाही. तिसरी ही की, बंदीचा शेवटचा दिवस आरंभीच नमूद असेल, आणि तो पुढे ढकलावयाचा तर त्याची कारणे जाहीरपणे द्यावी लागतील. नाताळच्या १८९७ सालच्या कायद्यांनी जे केले ते पुन्हा होऊ नये, यासाठी ही तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे.

आणि आपल्याकडूनही एक काम होण्यासारखे आहे. १४ फेब्रुवारी २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व धर्मीयांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश राज्यांना दिले. लग्न चार लोकांच्या साक्षीने झाले, आता कागद कशाला, असे म्हणणारे लोक खेड्यांतून आजही आढळतात. लालबर्ऱ्याच्या लेकीला सीमेवरच्या शिपायासमोर आणि परदेशी नांदणाऱ्या लेकीला विमानतळावरच्या अधिकाऱ्यासमोर त्या चार साक्षीदारांना उभे करता येत नाही. तेथे दाखलाच बोलतो. १९१३ साली दक्षिण आफ्रिकेतील आपल्या भगिनींना असा कागद कायद्याने नाकारला, म्हणून त्यांना तुरुंगात जावे लागले. आपणांस तो पंचायतीच्या वा नगरपालिकेच्या कचेरीत मिळतो. पुढची साथ कोणत्या वर्षी येईल हे कोणासच सांगता येणार नाही. परंतु ती येईल तेव्हा वेशीवर आपल्या नात्याचा पुरावा हाताशी असावा, एवढी तजवीज आजच करता येण्यासारखी आहे.